तेरेखोलच्या पलीकडे सात मोसम

राष्ट्रीय फुटबॉल लीगचे २००६-०७ पासूनचे विजेते ओळीने लिहून काढले तर यादी अशी होते: धेंपो, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. ही ओळ २०१२-१३ च्या मोसमाला संपते. सलग सात मोसम, आणि सातही वेळा करंडक गोव्यात. मध्ये स्पर्धेचे नाव बदलून 'आय-लीग' झाले, कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालने परदेशी खेळाडूंवर हात सैल सोडला, मुंबई-पुण्यात नवे संघ उभे राहिले. करंडक मात्र हलला नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या पुढे थोडीशीच भरली. आमच्या सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या काठावर राहिली. दोन्ही बेरीज करून नागपूर शहराइतकीही होत नाही. एवढ्याशा मुलखातून देशातले सर्वांत मातबर व्यावसायिक संघ कसे उभे राहिले आणि पुढे दहा वर्षांच्या आत त्यांतले दोन राष्ट्रीय स्पर्धेतून आपणहून बाहेर कसे पडले, याचे एक तयार उत्तर बांद्यापासून मडगावपर्यंत कुठेही मिळते. खाणी होत्या तोवर फुटबॉल होता, खाणी बसल्या, फुटबॉल बसला. उत्तर इतके सोपे आहे की कोणी तारखा लावून पाहायच्या भानगडीत पडत नाही. या लेखात तेवढेच करायचे आहे. लीगचे तक्ते, कंपन्यांनी शेअर बाजाराला दिलेल्या सूचना, शाह आयोगाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि त्या त्या दिवसांची वर्तमानपत्रे हे सगळे कागद उपलब्ध आहेत. ते एकापुढे एक मांडायचे, आणि मध्यभागी ठेवायचा तो एकच संघ: पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो स्पोर्ट्स क्लब.

सुरुवात नदीपासून करावी लागते. आरोंद्याला उभे राहिले की समोर किरणपाणी दिसते, मध्ये तेरेखोल. नदीच्या अलीकडे क्रिकेट आणि कबड्डी. रमाकांत आचरेकर मालवणात जन्मले, सुनील गावसकरांचे मूळ वेंगुर्ल्याचे. आमच्याकडचा खेळ मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या वाटेने आला आणि त्याच वाटेने परत गेला. पलीकडे गेलात की शेत कापून झाल्यावर त्याच मळ्यात दोन खांब रोवलेले दिसतात. भाषा, मासे, देवळे, आडनावे यांत एवढे साम्य असताना खेळ तेवढा नदीला अडावा, हे एरवी चमत्कारिकच. पण पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते, पेडणे तर १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. जुन्या काबिजादीतले साष्टी आणि बार्देश, नव्या काबिजादीतले पेडणे, डिचोली, सत्तरी अशी जी विभागणी त्या काळी झाली ती धर्माच्या, शिक्षणाच्या आणि पुढे खेळाच्याही नकाशावर दिसत राहिली. फुटबॉल गोव्यात आणल्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूला दिले जाते. १८८३ साली ते शिवोलीला आले आणि शाळेतल्या मुलांना त्यांनी हा खेळ शिकवला. शिवोली बार्देशात. खेळ तिथून पसरला तो चर्चच्या अंगणांतून, पाद्रींच्या शाळांतून, फेस्ताच्या दिवशी वाड्यावाड्यांच्या चढाओढीतून. म्हणजे तो मुख्यतः जुन्या काबिजादीचा, ख्रिस्ती गावांचा खेळ होता.

आणि धेंपो हे घराणे पणजीचे, हिंदू सारस्वत व्यापारी. त्यांची मोठी खाण डिचोलीत. या संघाच्या उदयाचा विचार करताना मला सगळ्यात आधी हेच लक्षात घ्यावेसे वाटते. देवळाच्या उत्सवाला पैसा देणाऱ्या घराने चर्चच्या अंगणातला खेळ उचलला. साळगावकरांनी त्यांच्याही आधी.

या घडामोडीचे कागद वाचताना एक सावधगिरी लागते. गोव्यातले 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक १९६३ पासून निघते, 'नवप्रभा' हे मराठी दैनिक १९७० पासून. दोन्ही धेंपो समूहाची. म्हणजे संघाचा मालक आणि संघाची बातमी छापणारा एकाच घरातला. बातमी खोटी असते असे यातून मुळीच म्हणायचे नाही, सामन्याचा निकाल कोणाला बदलता येत नाही. पण कोणत्या पराभवाला किती ओळी मिळाल्या, खेळाडूने क्लब सोडला तेव्हा त्याचे कारण काय सांगितले गेले, अशा ठिकाणी दुसरा साक्षीदार शोधलेला बरा. तो कोलकात्याच्या आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांत मिळतो, किंवा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोरड्या तक्त्यांत. तक्त्यांना कोणाविषयी ममत्व नसते.

कंपनीचा संघ ही कल्पना धेंपोंची नव्हे. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१ चा, साळगावकर १९५६ चा. धेंपो क्लबचे स्थापनावर्ष १९६८. गोवा फुटबॉल असोसिएशन पोर्तुगीज अमदानीतच, डिसेंबर १९५९ मध्ये, उभी राहिली होती. हे सगळे घडत होते तो काळ लोहखनिजाच्या निर्यातीचा. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून जपानला माल जाऊ लागला आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या डोंगरांतून ट्रक, नदीतून बार्ज आणि मुरगावच्या बंदरातून बोटी असा जो प्रवाह सुरू झाला त्याने काही घराणी फार थोड्या वर्षांत फार मोठी केली. मोठ्या झालेल्या घराण्याने कॉलेज काढायचे, दैनिक काढायचे, फुटबॉल संघ काढायचा. धेंपोंनी तिन्ही केले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक आणि खेळाचे मोठे शौकीन. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली आणि बाहेरचे संघ गोव्यात येऊन खेळू लागले.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते सिंधुदुर्गाच्या वाचकाला जवळचे आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. बांदोडकरांचा पक्ष विलीनीकरणाचा. तो हरला नसता तर गोवा महाराष्ट्राचा जिल्हा झाला असता आणि संतोष करंडकाला स्वतःचा संघ पाठवण्याचा त्याचा अधिकारही बहुधा गेला असता. गोव्याच्या संघाने १९८२-८३ मध्ये बंगालसोबत तो करंडक वाटून घेतला आणि १९८३-८४ मध्ये एकट्याने जिंकला. तेव्हा गोलरक्षक होता साळगावकरचा ब्रह्मानंद शंखवाळकर, पुढे भारताचा कर्णधार. हिंदू घरातला मुलगा गोव्याच्या गोलपोस्टमध्ये उभा राहतो आणि सारा गोवा त्याला डोक्यावर घेतो, हे तोवर झालेल्या बदलाचे मोजमाप म्हणता येईल.

त्या काळातला 'व्यावसायिक' म्हणजे आजचा व्यावसायिक नव्हे. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असायचे, महिन्याला पगार व्हायचा, सकाळी सराव आणि मोसम संपला की कचेरी. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के, महिंद्र यांचे संघ याच रिवाजाने चालत. कितीतरी गोमंतकीय खेळाडू चांगल्या नोकरीसाठी मुंबई गाठत आणि धोबीतलावच्या कुडांत राहून कूपरेजवर खेळत. आमचा गिरणगावातला गाववाला आणि त्यांचा कुडातला गाववाला यांचे आयुष्य बरेचसे एकाच साच्याचे. गोव्यातल्या क्लबांनी पहिली गोष्ट केली ती ही की त्यांनी मुंबईची गरज कमी केली. गावात राहून, आईच्या हातचे जेवून, कंपनीचा पगार घेऊन खेळता येऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धेंपोने मुंबईतच जाऊन रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा त्या उलट्या प्रवासाची नोंद झाली. साळगावकरने १९८८ आणि १९८९ मध्ये फेडरेशन चषक जिंकला.

आता खनिज हेच कारण असे म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. खनिज नदीच्या अलीकडेही आहे. वेंगुर्ले तालुक्यात रेडीची खाण आहे, ती गोगटे घराण्याच्या कंपनीने चालवली. रेडीला बंदर आहे, तिथूनही बोटी भरून गेल्या. दोडामार्गात कळणे आहे. मग रेडी स्पोर्ट्स क्लब का झाला नाही? दगड एकच, समुद्र एकच, गिऱ्हाईकही बरेचदा तेच. फरक एवढाच की पलीकडे कंपनीला विकत घेण्यासारखे काही तयार होते. गावागावांत संघ होते, रविवारी मैदानाभोवती माणसे होती, पोराने फुटबॉल खेळले म्हणून घरात कोणी कपाळावर आठ्या आणत नव्हते. कंपनीचा पैसा त्या पिकलेल्या शेतात पडला. रेडीत तो पडायला शेत नव्हते, कबड्डीचे होते आणि कबड्डीला २०१४ पर्यंत कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही. म्हणजे खनिज हे एक कारण असले तरी ते दुसऱ्या क्रमांकाचे. पहिले कारण ऐंशी-नव्वद वर्षे आधी शिवोलीच्या शाळेत रुजले होते.

१९९६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि जुना हजेरीपट अपुरा पडू लागला. आता करार, परदेशी खेळाडू, विमानाचा प्रवास, हॉटेले, डॉक्टर. पहिली लीग पंजाबच्या जेसीटी या गिरणीच्या संघाने जिंकली. गोव्याकडे ती प्रथम आली १९९८-९९ मध्ये, साळगावकरच्या रूपाने. धेंपो त्या सुमारास मागे पडलेला होता. मग २००० मध्ये आर्मांदो कुलासो प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१३ पर्यंत राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची दोन-तीन पराभवांत रिकामी होते. एका माणसाने एकाच क्लबमध्ये तेरा वर्षे काढली आणि त्या तेरा वर्षांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, याला तोड नाही. खाणीचे गणित मांडणारे हा आकडा कधी धरत नाहीत. माझ्या मते संघाच्या उत्कर्षाचे सगळ्यात भरवशाचे कारण तिथे आहे. मालकांनी प्रशिक्षक बदलला नाही, प्रशिक्षकाने खेळाडू फारसे बदलले नाहीत. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक ही नावे मोसमामागून मोसम संघाच्या यादीत दिसतात. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी येऊन मिळाले आणि टिकले. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ मध्ये आला तो २०१२ पर्यंत राहिला, ब्राझीलचा बेटो त्याच्यामागे मधल्या फळीत. परदेशी खेळाडू म्हणजे एका मोसमाचा पाहुणा, असा तेव्हाचा सर्वत्र रिवाज होता.

२००३-०४ मध्ये धेंपो लीगमध्ये ईस्ट बंगालच्या मागे दुसरा आला. पुढच्या मोसमासाठी क्लबने ईस्ट बंगालकडूनच क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन आघाडीवीराला आणले. त्याचे वय पंचविशीचे. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरव स्टेडियमवर फेडरेशन चषकाची अंतिम लढत होती, समोर मोहन बागान. पहिला गोल क्रिस्तियानोने केला. दुसराही त्यानेच केला, सामना संपायला दहा-बारा मिनिटे उरली असताना. चेंडू जाळ्याकडे गेला आणि त्याच क्षणी बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी त्याची धडक झाली. तो पडला तो उठला नाही. सहकारी त्याच्या तोंडातून श्वास भरण्याचा प्रयत्न करत होते, ते छायाचित्रांत दिसते. मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था किती तोकडी होती यावर नंतर बरेच लिहून आले. रुग्णालयात नेल्यावर त्याला मृत घोषित करण्यात आले. धेंपोने सामना २-० असा जिंकला होता, दोन्ही गोल त्याचे.

क्लबने दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. या घटनेचा संघाच्या इतिहासात उल्लेख होतो तो बहुधा भावनेपोटी, आणि ते साहजिकच आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात दुसरीही एक नोंद आहे. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, दोन करारबद्ध संघ, मोठ्या शहरातले मोठे मैदान, आणि पडलेल्या खेळाडूच्या छातीला लावायला यंत्र नाही. खेळाडूंचे मानधन व्यावसायिक झाले होते, बाकी सगळे अजून हौशी होते. महिन्याभरात लीग सुरू झाली आणि २००४-०५ चे विजेतेपद धेंपोने मिळवले. ते त्यांचे पहिले. दुसऱ्या क्रमांकावर गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब.

पुढच्या मोसमात महिंद्र युनायटेड जिंकला आणि त्यानंतर ती सात नावांची ओळ सुरू झाली. २००७-०८ ची लीग 'आय-लीग' या नव्या नावाची पहिली. अठरा सामन्यांनंतर धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स दोघांचेही गुण ३६ झाले, गोलफरकावर धेंपो वर राहिला. त्याच तक्त्याच्या तळाशी साळगावकर आहे, त्या मोसमात तो खालच्या श्रेणीत घसरला. तीन मोसमांनंतर, २०१०-११ मध्ये, करीम बेंचरिफा या मोरोक्कन प्रशिक्षकाच्या हाताखाली तोच साळगावकर विजेता. २००८ मध्ये धेंपोने एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली, तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. लेबनॉनच्या सफा संघाने त्याला अडवले. २०११-१२ च्या विजेतेपदाच्या मोसमात एकट्या रँटीचे ३२ गोल होते. इतके गोल एका मोसमात कोणी केले की बाकीच्या संघाचे काम लोकांना दिसत नाही, तसेच थोडे झाले.

आता तारखांची तुलना. जून २००९ मध्ये सेसा गोवा या कंपनीने शेअर बाजाराला कळवले की व्ही. एस. धेंपो अँड कंपनी तिने १,७५० कोटी रुपयांना विकत घेतली आहे. सोबत धेंपो मायनिंग कॉर्पोरेशन आणि एका जलवाहतूक कंपनीतला निम्मा वाटाही. म्हणजे जून २००९ नंतर धेंपो समूहाचा लोहखनिजाशी संबंध राहिला नाही. जहाजबांधणी, गोवा कार्बन, वर्तमानपत्रे हे उद्योग राहिले, आणि फुटबॉल संघ राहिला. त्यानंतर या संघाने २००९-१० आणि २०११-१२ अशी दोन विजेतेपदे जिंकली. पाचातली दोन विजेतेपदे खाण विकल्यानंतरची. या एका ओळीवर प्रचलित कथेचा निम्मा भाग कोसळतो.

उरलेला निम्मा भाग बंदीचा. चीनच्या मागणीने खनिजाचे भाव चढले तसा गोव्यातून जाणारा माल फुगत गेला, २०१०-११ पर्यंत तो वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात पोचला. न्यायमूर्ती शाह आयोगाने बेकायदा उत्खननामुळे झालेले नुकसान सुमारे ३५,००० कोटींचे सांगितले. त्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. ऑक्टोबर २०१२ हाच आय-लीगच्या नव्या मोसमाचा आरंभ. ट्रक रस्त्याकडेला उभे होते, बार्ज मांडवीत नांगरून होते, आणि मे २०१३ मध्ये मोसम संपला तेव्हा विजेता होता चर्चिल ब्रदर्स. बंदीच्या पहिल्या वर्षीही करंडक गोव्यातच. या संघाचे मालक चर्चिल आलेमाव यांचा पैसा खाणघराण्यांचा नव्हता, हे इथे धरायलाच हवे, पण त्यामुळे खनिज म्हणजेच फुटबॉल हे समीकरण आणखीच ढिले होते.

याचा अर्थ बंदीचा खेळाशी संबंध नव्हता असा नाही. खाणपट्ट्यातले ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले यांचे उत्पन्न आटले आणि गावच्या स्पर्धांचे देणगीदार हेच लोक असत. तळच्या फळीला त्याची झळ लागली असणार. पण तळ सुकल्याचा परिणाम शिखरावर दिसायला दहा वर्षे लागतात. शिखरावरचे बदल त्याआधीच घडले, आणि त्यांची मुळे डिचोलीत नव्हती. ती दिल्लीत आणि मुंबईत होती.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग निघाली. त्याच वर्षी जुलैत कबड्डीची व्यावसायिक लीगही निघाली, दोन्ही एकाच दूरचित्रवाहिनीच्या जोरावर. कबड्डीला त्यातून आयुष्यात प्रथमच मालक मिळाले. फुटबॉलला मालक आधीपासून होते, त्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. एफसी गोवा या नव्या संघाचे सुरुवातीचे मालक पाहावेत: व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो. जोडीला विराट कोहली. प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. साळगावकर आणि धेंपो ही घराणी फुटबॉलमधून बाहेर पडली असे म्हणतात, पण कागद पाहता ती आधी एका संघातून दुसऱ्या संघात गेली. २०१४ च्या हिवाळ्यात धेंपोचे खेळाडू एफसी गोव्याच्या जर्सीत फातोर्ड्यावर भरल्या स्टेडियमपुढे खेळले आणि दोन महिन्यांनी परत येऊन आय-लीग खेळले, जिथे प्रेक्षक मोजता आले असते. कुलासो त्याआधीच क्लब सोडून ईस्ट बंगालला गेले होते. त्या मोसमाच्या शेवटी, २०१५ मध्ये, पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत घसरला.

मधल्या काळात राष्ट्रीय विजेतेपद बेंगळुरूला गेले. बेंगळुरू एफसी २०१३ मध्ये स्थापन झाला आणि पहिल्याच मोसमात विजेता ठरला. त्याचा मालक जेएसडब्ल्यू समूह, पोलाद करणारा. करंडक दगड खणणाऱ्यांकडून दगड वितळवणाऱ्यांकडे गेला, असे कोणी म्हणाले तर म्हणू द्यावे. पण तिथेही यशाचे रहस्य खाणीत किंवा भट्टीत नव्हते, पहिल्या दिवसापासून नीट चालवलेल्या संघात होते.

२०१६ च्या कागदांत सगळ्यात जास्त सांगणारा तपशील आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. धेंपोने त्या वर्षी दुसरी श्रेणी जिंकली. एका वर्षात परत वर यायचा हक्क मैदानावर मिळवला. त्याच वर्षी मे महिन्यात महासंघाने नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला: वर सुपर लीग, तिच्याखाली जुने क्लब, आणि वर चढायची शिडी नाही. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी आय-लीगमधून माघार जाहीर केली. मिळवलेली बढती बाजूला ठेवून धेंपोनेही तेच केले. जिंकून आलेल्या संघाने माघार घ्यावी, याला पैशाची चणचण हे कारण पुरत नाही. मुंबईचे महिंद्र २०१० मध्ये बंद झाले, जेसीटी २०११ मध्ये. त्यांनी संघच मोडले. धेंपो आणि साळगावकर यांनी संघ मोडले नाहीत, गोव्याच्या लीगमध्ये ते खेळत राहिले. त्यांनी नाकारली ती राष्ट्रीय स्पर्धेतली दुय्यम जागा. रिकाम्या झालेल्या जागेवर चर्चिल ब्रदर्स परतला.

एफसी गोवा तोवर रुळला होता. २०१५ मध्ये त्याने सुपर लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यावर चेन्नईविरुद्ध ३-२ असा गमावला, २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल येऊन आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मैदान तेच, गावे तीच, पोरेही बरीचशी तीच. सावंतवाडी-कुडाळातून तिकीट काढून फातोर्ड्याला जाणारे प्रेक्षकही आता थोडेफार दिसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उठवलेली खाणबंदी २०१८ मध्ये ८८ परवाने रद्द करून पुन्हा लागू झाली. पुढे खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये डिचोलीचा गट सर्वांत आधी चालू झाला. धेंपोंचीच ती जुनी खाण, आता वेदांताकडे. त्याच वर्षी धेंपो स्पोर्ट्स क्लब आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि २०२४-२५ च्या मोसमात नऊ-दहा वर्षांनी पुन्हा राष्ट्रीय लीग खेळला. खाण सुरू झाली आणि संघ परतला, अशी नवी कथा आता डिचोलीच्या बाजारात ऐकू येईल तेव्हा आश्चर्य नको. पण खाणीचा मालक एक आणि संघाचा मालक दुसरा, आणि दोघांच्या वह्यांत १५ वर्षांपासून एकमेकांचे नाव नाही. संघाचा प्रशिक्षक मात्र जुन्या यादीतला होता: समीर नाईक.